नुसते वरण

तुझ्या टेबलावरचा तो पांढरा काटा मी पाहिला. परवा व्हिडिओ कॉलवर माझ्याशी बोलता बोलता तू त्याच्यावर वाटी ठेवलीस, वाटीत काहीतरी हिरवं घातलंस, आकडा वाचलास आणि त्यातलं एक पान काढून बाजूला ठेवलंस. मी विचारलं, "हे काय गं?" तू म्हणालीस, "काही नाही आजी, दुपारचं जेवण." मागून तुझा भाऊ म्हणाला, "आजी, हिने साखर, मैदा, दूध, भात सगळं सोडलंय. आता ती फक्त माझ्यावर चिडून जगते." तू हसलीस. पण ते पान काही परत वाटीत गेलं नाही.

फोन ठेवल्यावर माझं चित्त कशात लागेना. कपाटातल्या घड्या पुन्हा घातल्या. मसाल्याच्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या नव्याने लिहिल्या. तरी हात स्वस्थ बसेनात, तेव्हा वही घेतली. तू काय खावंस हे मी सांगणार नाही, मला त्यातलं कळतही नाही. मला असाच काटा बाळगणाऱ्या एका माणसाबद्दल सांगायचं आहे.

त्यांना तुम्ही दोघांनी एकदा पाहिलंय. तुम्ही लहान होता. माझ्या वाढदिवसाला तुम्ही कार्ड केलं होतं, त्यावर "आजीला खुप खुप शुभेच्छा" असं लिहिलं होतं. कुंपणाच्या भिंतीपलीकडे उभ्या असलेल्या गृहस्थांनी ते मागून घेतलं, खिशातलं लाल पेन काढलं, दोन्ही 'खु' दीर्घ केले, खाली "छान" असं लिहिलं आणि परत दिलं. तू रडायला लागलीस. तेच ते. सगळी डिचोली त्यांना सर म्हणायची, मीही तेच म्हणते.

आम्ही एकाच शाळेत होतो. ते मराठी शिकवायचे, मी इंग्रजी. निवृत्त झाल्यावरही शेजार सुटला नाही, कारण दोन्ही घरांमध्ये ती एक कमरेइतकी भिंतच होती. सरांनी लग्न केलं नाही. त्यांचं घर सांभाळायची त्यांची थोरली बहीण, माई. ती लग्नानंतर दोनच वर्षांत विधवा होऊन माहेरी आली होती, आणि भावाला शाळेत नोकरी लागली तेव्हा हळर्णहून त्याच्याबरोबर डिचोलीला आली. मी सांगतेय त्या वेळी सर सत्तरीला टेकले होते, माई त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठी.

लाल पेन सरांच्या खिशात बारा महिने असायचं. लोक लग्नाची पत्रिका छापायला देण्याआधी त्यांना दाखवायला आणत ते आदरापोटी नव्हे, भीतीपोटी. कारण न दाखवता छापली तर सर लग्नाला येत आणि आहेराच्या पाकिटात दुरुस्त केलेली पत्रिका घालत. तुमचे आजोबा गेले तेव्हा दारावर लावायचा कागद कोणीतरी घाईघाईत लिहिला होता. सर आले, पायरीवर थांबले आणि सगळ्यांदेखत 'शोकाकूल'मधला 'कू' ऱ्हस्व केला. माझ्या भावाला इतका राग आला की तो उठून आत गेला. मग सर आत येऊन माझ्यासमोर बसले. संध्याकाळपर्यंत ते तिथेच होते. आलेल्या प्रत्येकाला पाणी त्यांनी दिलं, दाखल्यांचे कागद त्यांनी लावले, आणि जाताना म्हणाले, "बाई, चूक तशीच राहिली असती तर ती तुम्हाला जन्मभर दिसली असती." ते खरं होतं. मला ती दिसलीच असती.

त्यांचं एक वाक्य आमच्या शाळेत भिंतीवर लिहिल्यासारखं सगळ्यांना पाठ होतं: "बोलीत चालतं, पेपरात नाही."

ते कशावरून, हे तुम्हाला सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आमच्याकडे मासळीला 'नुस्तें' म्हणतात. घाटावरच्या माणसाला 'नुसते' म्हणजे फक्त, केवळ. आमच्या मुलांना त्याचं काय? 'माझे आवडते जेवण' या निबंधात दरवर्षी निम्मा वर्ग लिहायचा, "मला भात आणि नुस्ते आवडते." सर लाल गोल करून समासात लिहायचे, "नुसते काय आवडते?" आणि अर्धा गुण कापायचे. एकदा पेडण्याकडच्या एका मुलीने त्या प्रश्नाखाली उत्तर लिहून वही परत दिली: "नुसते नुस्ते." स्टाफरूममध्ये आम्ही सगळे हसलो. सर हसले नाहीत. त्यांनी तिला आणखी अर्धा गुण कापला, आणि ते ती वही बराच वेळ हातात धरून बसले होते, एवढं मला आठवतं.

स्वतः हळर्णात जन्मलेला हा माणूस दारावरच्या मासळीवालीशीही पुस्तकी बोलायचा. "आज कोणती मासळी आहे?" ती पाटी खाली ठेवत म्हणायची, "मासळी ना सर. नुस्तें आसा. जाय तर घे." मग माई पदर खोचत बाहेर यायची आणि दोघी मिळून सरांना आत पाठवायच्या. सोमवार सोडला तर त्या घरात नुस्त्याशिवाय दिवस जात नव्हता. भिंतीवरून हुमणाचा, म्हणजे मासळीच्या कालवणाचा वास आला की माझ्याकडे घड्याळ बघायची गरज नसायची.

आणि मग सरांना साखर निघाली.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि त्यांच्याच दवाखान्यात आठवड्यातून एकदा येणाऱ्या आहारतज्ज्ञ मुलीकडे पाठवलं. ती सांगलीकडची, नुकतीच गोव्यात आलेली. तिने छापील इंग्रजी तक्ता दिला. सरांनी तो तिच्याकडून मराठीत लिहून घेतला, तिथेच बसून त्यातले 'दुध' आणि 'काकडि' दुरुस्त केले, आणि घरी आल्यावर प्लास्टिकच्या पिशवीत घालून पडवीच्या भिंतीला टाचला. पडवीत येणारा प्रत्येकजण तो वाचायचा. मलाही तो पाठ झाला होता. दुपारच्या ओळीत होतं, "दोन फुलके, भाजी, ताक. भात कमी." रात्रीच्या ओळीत, "नुसते वरण, भाजी." मासळीचं नाव कुठेच नव्हतं.

जे लिहिलेलं नाही, ते सरांच्या लेखी नव्हतंच.

"पण सर, भात कमी म्हटलंय, बंद नाही," मी भिंतीवरून म्हटलं.

"कमी हे अनिश्चित विशेषण आहे, बाई. किती कमी? संख्या दिलेली नाही. मग शून्य धरलेलं बरं."

दुसऱ्या दिवशी काटा आला. फुलक्यांचं वजन होऊ लागलं. दुधी भोपळा सोलण्याआधी आणि सोलल्यानंतर. बदाम मोजून पाच, पाचवा मोठा असेल तर त्याचा कोपरा तोडून. मये गावातल्या एका लग्नात पंगतीला बसून त्यांनी पिशवीतून डबा काढला आणि उकडलेला दुधी खाल्ला. वाढपी पुढे सरकेचना, त्याला वाटलं काहीतरी अपमान झाला. शिवाय मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ आलं. तेव्हापासून सरांशी बोलायचं म्हणजे चालायचं. ते अंगणात या टोकाहून त्या टोकाला जात, पाऊस असला तर पडवीत, आणि मी भिंतीच्या माझ्या बाजूने त्यांच्याबरोबर चालत असे. त्यांच्या वहाणांचा आवाज पहाटेपासून सुरू व्हायचा. वाचताना चालायचे, फोनवर चालायचे. मला त्या आवाजाने कामं सुचेनाशी झाली. एखाद्याच्या छातीतले ठोके बाहेर ऐकू यावेत तसं ते वाटायचं.

साखर उतरली. सगळे म्हणाले, वा. सरही खूश झाले, म्हणजे त्यांनी आणखी एक फुलका कमी केला.

त्यांच्या घरात दुसरं एक माणूसही उतरत होतं, ते कोणी मोजत नव्हतं. माई.

आधी माझ्या लक्षात आला तो वास. म्हणजे वासच येईना. मग मासळीवाली त्यांच्या दारावर न थांबता पुढे जाऊ लागली. एक दिवस माईची बांगडी हातातून निघून माझ्या अंगणात घरंगळत आली. मी ती द्यायला गेले तर ती चुलीपाशी बसून भावाने उरवलेला अर्धा फुलका ताकात भिजवत होती.

"माई, हे काय? तुला कुठे साखर आहे? तू तुझ्यापुरतं रांध ना."

"एकटीसाठी?" ती म्हणाली. "चार बांगड्यांचो वाटो येता, बाई. एक मी खाईन, तीन मांजराक घालूं? आणि तो थंय बसून दुधी खाता, त्याच्या मुखार मी कांटे सोलीत बसूं?"

"त्यांना काही वाटणार नाही."

"त्याका वाटचें ना. माका वाटता. एकटीच्या तोंडात घास फिरता, खाली देवना." ती थोडा वेळ ताक ढवळत राहिली. मग म्हणाली, "भिंतीर कागद लायला न्हय? त्या कागदार मी खंय आसंय, तें सांग माका."

मी बांगडी तिच्या हातात घातली, ती पुन्हा घसरली.

चतुर्थीला तिने नैवेद्याच्या एकवीस नेवऱ्या, म्हणजे करंज्या केल्या, दर वर्षीसारख्या. आरती झाल्यावर सरांनी एक नेवरी उचलली. माई हातातलं ताट तसंच धरून उभी राहिली. सरांनी नेवरीचं टोक मोडलं, काट्यावर ठेवलं, "अकरा ग्रॅम," असं म्हणाले, आणि टोक परत ताटात ठेवलं. मोडलेली नेवरी आणि शेजारी तिचा तुकडा. सगळ्या नेवऱ्या माईने आम्हा शेजाऱ्यांत वाटून टाकल्या, ती मोडकीसुद्धा. स्वतः एक खाल्ली नाही.

मला राग आला. दुसऱ्या दिवशी सर मयेच्या तळ्यावर फिरायला निघाले तेव्हा मीही निघाले. मी मुद्दे लिहून नेले होते, अनुक्रमांक घालून. तिसऱ्या मुद्द्यावर असताना सर न थांबता, पाण्याकडे बघत म्हणाले, "बाई, तुम्ही आमच्या हळर्णच्या घरी कधी आला नाहीत."

"नाही."

"दाराआड डाव्या पायाच्या वहाणा होत्या. नव्या. सात-आठ असतील. वडिलांचा डावा पाय साखरेने गेला. वहाणा जोडीनेच मिळायच्या. उजवी झिजली की आई नवीन जोड आणायची आणि डावी दाराआड ठेवायची. टाकवत नव्हती तिला." ते चालतच होते. मला धाप लागली होती. "मी शाळेत जाताना रोज ते दार उघडायचो. तुमचा चौथा मुद्दा काय आहे?"

मी कागद पर्समध्ये ठेवला.

त्यानंतर काही दिवसांनी, सर सकाळच्या फेरीला गेले असताना, त्यांच्या स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज झाला. आणि नंतर काहीच आवाज नाही. मी भिंत चढून गेले, या वयात. माई जमिनीवर होती, डोळे उघडे, ओठ पांढरे. मी तिला गाडीत घालून त्याच दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, अंगात काही नाही एवढंच. आणि त्यांनी त्या सांगलीच्या मुलीला फोन करून बोलावलं.

"आजी, दिवसभरात काय खाता तुम्ही?"

"तो खाता तें," माई पडल्या पडल्या म्हणाली.

कोण तो, हे मी सांगितलं. मुलगी चरकली. "अहो, तो तक्ता पेशंटचा आहे, घरातल्यांचा नाही. आणि सरांनी भात पूर्ण सोडला? मी फक्त कमी करा म्हटलं होतं. वाटीभर चालला असता. डाळ आहे, ताक आहे, शाकाहारी माणसाला तेवढा भात हवाच."

माईने मान वळवली. "कोण शाकाहारी?"

"सर. मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. शाकाहारी का, तर म्हणाले, हो." तिने कार्ड काढून दाखवलं. वर तारीख होती. भिंतीवर कॅलेंडर होतं. मी त्याची पानं मागे उलटली आणि त्या तारखेवर बोट ठेवलं.

सोमवार.

माई हसायला लागली. किती महिन्यांनी मी तिला हसताना पाहत होते. "सोमार होतो गे," ती त्या मुलीचा हात धरून म्हणाली, "सोमारचो शाकाहारी तो." ती हसत राहिली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि मग हसणं थांबलं तरी पाणी थांबेना. मुलगी घाबरून माझ्याकडे बघत होती. मी तिला म्हटलं, "तुमची चूक नाही. आमच्याकडे असंच असतं."

ती म्हणाली, "सरांना सांगा, मासळी चालेल. तळलेली नको. भात वाटीभर. हे काही मोजून मापून कायद्यासारखं पाळायचं नसतं. आणि आजींनी खाल्लंच पाहिजे, रोज, पोटभर. नाहीतर पुढच्या वेळी त्या उठणार नाहीत."

संध्याकाळी मी हे सगळं अंगणात चालत चालत सरांना सांगितलं. शेवटचं वाक्य दोनदा.

"प्रश्न वर्तमानकाळी होता," सर म्हणाले. "शाकाहारी का? त्या दिवशी होतो. मी खोटं बोललो नाही."

"तो रीती वर्तमानकाळ होता, सर. रोजच्या सवयीबद्दलचा. तुम्ही स्वतः शिकवलाय तो."

त्यांचं एक पाऊल चुकलं. मग ते पुन्हा चालू लागले. "असेल. पण आता साखर जागेवर आली आहे, बाई. जागेवर आलेल्या गोष्टीला हात लावायचा नाही. तिने तोंडी सांगितलंय. तोंडी सांगितलेलं मी कसं धरू?"

"आणि माई?"

"माईला मी सांगितलंय, तू तुझं कर."

"ती एकटी जेवत नाही, हे तुम्हाला चाळीस वर्षांत कळलं नाही?"

वहाणांचा आवाज तेवढा वाढला.

माईने तोंडी सांगण्याचाही त्रास घेतला नाही. दोन दिवसांनी सकाळी ती पडवीच्या पायरीवर पिशवी घेऊन बसलेली मला दिसली. हळर्णला धाकट्या बहिणीकडे जाते म्हणाली, भाचा गाडी घेऊन येतोय. "थंय कोणतरी जेवता," एवढंच कारण. मला वाटलं, चार दिवस जाईल, बरंच होईल. मग पिशवीशेजारचं गोणपाटाचं गाठोडं मी पाहिलं. त्यातून लाकडी पाय बाहेर आला होता. तिची आदोळी. बसून नारळ खोवायची ती विळी तिला लग्नात मिळाली होती. नवऱ्याघरून परत येताना तिने तेवढी एकच वस्तू आणली होती. ती घेऊन निघालेलं माणूस चार दिवसांसाठी निघत नाही.

सर पडवीत चालत होते. पायरीपासून तक्त्यापर्यंत, तक्त्यापासून पायरीपर्यंत. पायरीशी आले की माईची पाठ, वळले की तो कागद. मी भिंतीपाशी उभी होते. तुळशीची वाळलेली पानं काढत असल्याचं सोंग केलं होतं, पण हातात हिरवीच पानं येत होती. सरांना काहीतरी म्हणायचं होतं हे मला त्यांच्या मानेवरून दिसत होतं. तो माणूस सबंध आयुष्य दुसऱ्यांच्या वाक्यांवर खुणा करत आलेला, त्याला स्वतःचं वाक्य सापडेना.

तेवढ्यात रस्त्यावरून मासळीवालीची हाक आली. लांबून, नेहमीसारखी. "नुस्तें... बांगडे गे, तारले... नुस्तें..."

वहाणांचा आवाज थांबला.

इतक्या महिन्यांच्या खटखटीनंतर ती शांतता मला सहन होईना. मी मान वर केली. सर तक्त्यासमोर उभे होते. वाचत होते, पाठ असलेला कागद पहिल्यांदा वाचावा तसे. मग त्यांनी टाचण्या काढल्या, प्लास्टिकमधून कागद बाहेर घेतला, खांबावर सपाट धरला आणि खिशातलं लाल पेन काढलं. दोनदा टेकवलं. बस, दोनदाच.

"बाई," त्यांनी हाक मारली, "हे जरा वाचून दाखवता?"

मी वळसा घालून गेले. रात्रीच्या ओळीत 'नुसते'मधल्या स चा पाय मोडला होता, आणि त्याच्यापुढे एक बारीकसा स्वल्पविराम होता. मी मोठ्याने वाचलं, "रात्री. नुस्ते, वरण, भाजी."

"हं," सर म्हणाले.

"सर, हे शुद्ध आहे?"

ते कागदाकडे बघत राहिले. "पाय कोणाचा तरी मोडायचाच असेल बाई," ते म्हणाले, "तर स चा मोडू."

मग ते पायरीशी गेले. बहिणीच्या पाठीमागे उभे राहून, शाळेतल्यासारख्या स्पष्ट आवाजात म्हणाले, "माई, बांगडे घे. कागदावर लिहिलंय."

माईने वळून पाहिलं नाही. "कोणें बरयलां?"

"लिहिलंय. बाईंनी वाचलं."

ती माझ्याकडे बघू लागली. मी मान हलवली. मासळीवाली एव्हाना फाटकाशी आली होती आणि आत काय चाललंय याचा अंदाज घेत उभी होती.

"रातीचें बरयलां न्हय?" माई म्हणाली. "रातीसर बांगड्यांक वास येतलो. दनपारां करूं काय?"

सरांनी हातातल्या कागदाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं. दुपारच्या ओळीत मासळी नव्हती. ही दुसरी परीक्षा पहिलीपेक्षा अवघड होती.

"कर," ते म्हणाले.

माईने पिशवी तिथेच ठेवली आणि गाठोडं उचललं. भाचा आला तेव्हा ती आदोळीवर बसून नारळ खोवत होती, आणि त्याने गाडी बंद करून "कितें जालें?" असं विचारलं, तर म्हणाली, "कांय ना. हात धू आणि बस."

मीही बसले, मला कोणी विचारलं नव्हतं तरी. सरांनी काटा आणून पानाशेजारी ठेवला होता. उकड्या तांदळाचा भात त्यांनी वाटीने घेतला, वाटी काट्यावर ठेवायला उचलली, तोवर माई हुमणाचं गरम भांडं घेऊन आली. खाली ठेवायला तिला दुसरं काही दिसेना. तिने ते काट्यावरच टेकवलं. काट्याने एकदा आवाज केला.

"किती दाखवता?" माईने विचारलं.

सरांनी वाकून पाहिलं. "काही नाही. नुसत्या रेघा."

पहिला घास त्यांनी कालवला. माई समोर बसून होती, तिचं पान वाढलेलं, हात मांडीवर. तो घास त्यांच्या गळ्याखाली उतरेपर्यंत ती बघत राहिली. मग तिने आपला घास घेतला. तो फिरला नाही, खाली उतरला. मी तिच्या गळ्याकडे बघत होते म्हणून सांगते. थोड्या वेळाने तिने स्वतःच आणखी भात वाढून घेतला आणि भाच्याला म्हणाली, "तुझ्या आवशीक सांग, मी सवडीन येतलंय."

त्या दिवशी सर जेवल्यावर चालले नाहीत असं मात्र समजू नकोस. भांडी घासून होण्याआधी त्यांचा पडवीत खटखटाट सुरू झाला. एवढंच की अधूनमधून तो थांबायचा. काटाही गेला नाही, तो चुलीजवळ गरम भांडी ठेवायला राहिला. दुपारी वाटीभर भात आला. माई हुमणात नारळ थोडा कमी घालू लागली आणि तो कमी म्हणजे किती, हे सरांनी विचारलं नाही.

महिन्याभराने तपासणीला जायचं होतं. दोघांनाही, म्हणून मी गाडी काढली. सरांची साखर थोडी वर गेली होती. त्यांचा चेहरा उतरला. हात नकळत डाव्या गुडघ्यावर गेला. ती सांगलीची मुलगी शांतपणे म्हणाली, "एवढी सांभाळता येते, सर. गोळी तीच राहू दे. थोडं मागेपुढे व्हायचंच. आजी, तुम्ही या, वजन करू." माई पदर सावरून वजनाच्या यंत्रावर चढली आणि आकडा न बघता भावाकडे बघत राहिली. मुलीने आकडा वाचला, जुन्या आकड्याशी ताडून पाहिला आणि हसली. "अशाच राहा," ती म्हणाली.

मग नवीन तक्ता लिहायला तिने जुना मागितला. सरांनी खिशातून काढून दिला. ती वाचता वाचता थबकली. पहिल्या दिवशी या माणसाने तिचं 'दूध' आणि 'काकडी' सगळ्यांसमोर दुरुस्त केली होती, हे ती विसरली नव्हती.

"सर," ती म्हणाली, आणि तिला आनंद लपवता येईना, "आज तुमची चूक सापडली. हे बघा, मी 'नुसते' बरोबर लिहिलं होतं. तुम्ही स चा पाय मोडलाय. आणि हा स्वल्पविराम इथे कशाला?"

सरांनी चष्मा लावला. कागद हातात घेतला. वजनाच्या यंत्रावर माई तशीच उभी होती. लाल पेन खिशात होतं, मला त्याचं टोपण दिसत होतं.

"बोलीत चालतं," सर म्हणाले, आणि कागद तिला परत दिला.